पूर्वज्ञान कुणाचं?



माझ्या धाकट्या बहिणीच्या टाचणवहीत लाल शाईने दोन वाक्यं लिहिलीत. "प्रस्तावना विषयाला सोडून. पूर्वज्ञानाशी संबंध नाही." खाली प्राध्यापकाची लफ्फेदार सही.

ही दोन वाक्यं गेले तीन महिने डोक्यात खिळ्यासारखी ठोकलेली आहेत. रात्रपाळीत रिंग फ्रेमवर धागे सांधताना तीच, पहाटे सायकल मारत घरी येताना तीच. म्हटलं एकदाचं ओकून टाकू. आपल्यातली निम्मी पोरंपोरी डी.एड., बी.एड. झालेली किंवा त्या वाटेवर आहेत आणि उरलेली निम्मी त्यांना 'मास्तरडे' म्हणून हसतात. दोघांनीही वाचा. शिव्या द्यायच्या तर वाचून द्या.

घडलं ते असं. बहीण बी.एस्सी. झालेली. बी.एड.ला विज्ञान पद्धती आणि गणित पद्धती. 'पद्धती' म्हंजे तो विषय पोरांना शिकवायचा कसा, त्याचं शास्त्र. मराठीची वेगळी, इतिहासाची वेगळी. सराव पाठासाठी तिला एका हायस्कुलात पाठवलं. पाठ वायूंचा, हायड्रोजन सल्फाइड. रंग नाही, हवेपेक्षा जड, वास सडक्या अंड्यासारखा. तिने पाठ सुरू केला तो असा प्रश्न विचारून : "तुंबलेलं गटार मोकळं करायला तुमच्याकडे कोण उतरतं?"

वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरच्या एका पोराने हात वर केला. "माझे काका."

आणि वर्ग हसला.

भिंतीला टेकून निरीक्षण करणारे सर बसले होते. त्यांनी वहीत काय लिहिलं ते वर दिलंय.

आता हे पूर्वज्ञान काय प्रकरण आहे ते बघा. हर्बार्ट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ होता, १७७६ ते १८४१. त्याचं म्हणणं असं की नवं ज्ञान हवेत लटकत नाही, पोराच्या डोक्यात आधी जे असतं त्याला ते जाऊन चिकटतं. म्हणून आधी ते जुनं जागं करा, मग नवं सांगा. त्याच्या चेल्यांनी याच्या पाच पायऱ्या केल्या. आपल्याकडच्या ट्रेनिंग कॉलेजांनी तिला नाव दिलं पंचपदी, जणू देवळातलं भजन, आणि मास्तरांच्या पिढ्या ती भजनासारखीच म्हणत आल्या. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन... टाळ तेवढे नाहीत हातात.

हर्बार्टचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मी शाळेत गणितात नापास होत होत आठवीत शाळा सोडली. गिरणीत आलो. तिथल्या म्हाताऱ्या जॉबरने पहिल्या आठवड्यात विचारलं, चाळीस काउंट म्हंजे काय रं? मला काय ठाऊक. त्याने सांगितलं, एक लड म्हंजे ८४० यार्ड. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतात तेवढा काउंट. चाळीस लडी बसल्या तर चाळीस काउंट. मग कर हिशेब, एका पौंडात किती यार्ड धागा? मी बॉबिनच्या खोक्यावर खडूने केला. ३३,६००. आयुष्यात पहिल्यांदा गुणाकार माझ्या बाजूने उभा राहिला. कारण धागा माझ्या बोटांत होता. काउंट वाढला की धागा बारीक होतो, हे बोटांना आधी कळलं होतं, आकड्यांना मागून. जॉबरने हर्बार्ट वाचला नव्हता. त्याला फक्त मी दिसत होतो.

मग मला सांगा, त्या वर्गात हायड्रोजन सल्फाइडचं पूर्वज्ञान कुणाकडे होतं? पन्नास पोरांत एकाकडे. त्याच्या घरी तो वायू काकाच्या कपड्यांवर बसून येतो. वास सडक्या अंड्याचा, एवढं पुस्तकाला माहीत. पण वायू वाढला की नाकाची नसच बधिर होते, वास येईनासा होतो आणि खाली उतरलेल्या माणसाला वाटतं, गेला वायू. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साठतो. माणूस तळाशीच उतरतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यामागे तिसरा. म्हणून ही बातमी पेपरात बहुतेक वेळा एकट्याची येत नाही, दोघातिघांची येते. हे विज्ञान नाही तर काय आहे साहेब? घनता आहे यात, मज्जासंस्था आहे, रसायन आहे. आणि कायदाही आहे. १९९३ चा एक, माणसाला हाताने मैला उचलायला लावायचं नाही म्हणणारा, २०१३ चा दुसरा, संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायचं नाही म्हणणारा. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. भरपाई वाढत गेली. उतरणारी आडनावं तीच राहिली.

एवढं सगळं एका पोराच्या वर केलेल्या हातात होतं. आणि शेरा काय, तर पूर्वज्ञानाशी संबंध नाही.

म्हंजे पूर्वज्ञान म्हणजे काय ते आधीच ठरलेलं आहे. ते गॅलरीतल्या कुंडीचं, आजीच्या फराळाचं, मामाच्या गावाला जाणाऱ्या आगगाडीचं. आमच्या पोरांकडे आहे ते ज्ञान नव्हे, ती घाण.

बहिणीला पाठ पुन्हा घ्यायला लावला. दुसऱ्या वेळी तिने विचारलं, "सडलेल्या अंड्याचा वास कसा येतो?" पोरांनी नाकं दाबली, हसली, सर खूष, गुण चांगले. (अंडं पाठात चालतं हो. पोषण आहाराच्या ताटातल्या अंड्याचे सरकारी पैसे मात्र २०२५ च्या जानेवारीत बंद केले.)

आणि इथे मला माझीही चामडी सोलून दाखवली पाहिजे. पाठ पुन्हा घ्यायचा की भांडायचं, हे तिने मला विचारलं होतं. "दादा, काय करू?" मोर्च्यात पुढे असणारा, कवितेत आग लावणारा मी, काय म्हणालो? "त्यांना हवं तसं लिहून दे बाई. अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत. आधी नोकरी लागू दे." असं बोललो. फी कर्ज काढून भरलेली, शिष्यवृत्ती अजून यायची. कारणं खरी आहेत. पण बोललो.

तिने लिहून दिलं. मग म्हणाली, "मला शेऱ्याचं काही वाटलं नाही दादा. पोरं हसली तेव्हा मला पुढे काय करायचं तेच सुचलं नाही. मी फळ्याकडे वळले. त्या पोराने हात खाली घेतला तो मी पाहिलाच नाही."

दोस्तहो, शेऱ्यापेक्षा मला हे लागलं. कारण इथे ती चुकली. आपलीच पोरगी, आपल्याच पोराला भर वर्गात उघडं पाडून फळ्याकडे वळली. का? कारण दोन वर्षांच्या कोर्समध्ये तिला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

शिकवलं काय, तर सूक्ष्म अध्यापन. हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास निघालं. शिकवण्याचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि एकेक तुकडा घोटायचा. कल्पना वाईट नाही, गिरणीतही आधी नुसता सांधा मारायलाच शिकवतात. आपल्याकडे त्याचं छत्तीस मिनिटांचं चक्र केलं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं शेरे ऐका, बारा मिनिटं पुन्हा टाचण करा, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, सहा मिनिटं पुन्हा शेरे. प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण कौशल्य, चेतक बदल कौशल्य, प्रबलन कौशल्य. प्रबलन म्हंजे 'शाब्बास' म्हणणं आणि मान डोलावणं. किती वेळा डोलावली त्याच्या रेघोट्या मागे बसलेला मोजतो. आणि समोर विद्यार्थी म्हणून कोण बसतं? बरोबरचे छात्राध्यापक. बावीस-तेवीस वर्षांचे पदवीधर, सातवीतली पोरं असल्याचं नाटक करत. तिथे कुणी उपाशी येत नाही. कुणाचं आडनाव ऐकून कुणी हसत नाही. मूल नावाची वस्तूच त्या खोलीत नाही, आणि मूल शिकवण्याचं कौशल्य मात्र तयार होऊन बाहेर पडतं.

त्यात एक फलक लेखन कौशल्य आहे. फळ्याला पूर्ण पाठ करू नका, अक्षर वळणदार, ओळ सरळ, खडूचा आवाज येऊ देऊ नका. बरोबर आहे सगळं. पण या देशातल्या फळ्याचा इतिहास तुम्हाला सांगायला नको. एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव नावाच्या पोराला गणित सोडवायला फळ्यावर बोलावलं, तेव्हा वर्गातली पोरं धावली, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. डबे खडाखडा बाजूला काढले गेले. मग पोर फळ्यापर्यंत पोचलं. आता मला कुणी तरी प्राध्यापकाने सांगावं, त्या तासाच्या मास्तराला फलक लेखनात किती गुण द्यायचे? त्याची ओळ सरळ असेल. त्याच पोराला संस्कृत घ्यायचं होतं, मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. पद्धतीच्या पुस्तकात भाषा शिकवायच्या चार-दोन पद्धती दिलेल्या असतात. भाषा न शिकवायच्या पद्धतीवर एक धडा नको?

कौशल्य हा शब्द मी गिरणीत शिकलो, म्हणून त्याचा मला भरवसा वाटत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. महाराच्या तोंडचा धागा दुसऱ्याने कसा तोंडात घ्यायचा? झालं. कौशल्य शिकायचा सवालच मिटला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनवाल्यांना हाच जाब विचारला होता, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांची अडचण झाली होती. कौशल्य कधीच नुसतं हाताचं नसतं. कुणाच्या तोंडाला कुणाचा धागा, हे त्यात आधी ठरलेलं असतं. वर्गातही.

आता आपल्या कार्यकर्त्यांकडे वळतो, कारण खरं भांडण मला तिथेच करायचं आहे.

एक म्हणतो, तिने तो प्रश्न विचारायलाच नको होता, पोराची जात झाकली होती ती उघडी पडली. दुसरा म्हणतो, बी.एड. म्हंजे पोटाची सोय, त्यात क्रांती कसली शोधतोस? तिसरा पुस्तकात काय छापलं, काय गाळलं यावर निवेदन घेऊन कलेक्टर कचेरीवर. तिघेही माझे मित्र आहेत, म्हणून तोंडावर सांगतो.

जात झाकून ती जात नाही बाबा. त्या पोराची जात वर्गाला आधीच माहीत होती, म्हणून तर हसले. माहीत नव्हती फक्त हसणाऱ्यांना स्वतःची. त्यांच्या मोरीचं पाणी जातं कुठे, ते मोकळं करायला माणूस लागतो तो पालिका नेमते की ठेकेदार, त्याला मुखवटा का देत नाहीत, हे प्रश्न तिने पुढे पन्नासही पोरांना विचारायला हवे होते. मग हात एकाचाच वर राहिला नसता. प्रश्न चुकीचा नव्हता, अर्धा होता. आणि उरलेला अर्धा कसा विचारायचा, ते शिकवणं हेच तर पद्धतीचं काम.

पुस्तकवाल्याला म्हणतो, धडा आला म्हणून हुरळू नको. महाडचा पाठ मी स्वतः ऐकलाय. सन सांगा, तारीख सांगा, २० मार्च १९२७, शाब्बास, बसा. पाठाचा उद्देश सफळ. मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव १९२३ चा, तळ्याचं पाणी १९२७ चं, हायकोर्टाचा निकाल १९३७ चा. ठराव आणि निकाल यांत चौदा वर्षं. ती चौदा वर्षं पाणी कुणी अडवलं, हे विचारल्याशिवाय त्या पाठात पाणी नाही, नुसती तळ्याची आकृती आहे. मेलेल्या मास्तराच्या हातात बाबासाहेबांचा धडा दिला तर तो धडाही मरतो.

आणि पोटाची सोय म्हणणाऱ्याला. सावित्रीबाई काय होत्या? शिक्षिका होण्यासाठी त्यांनी रीतसर ट्रेनिंग घेतलं होतं, नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात. शेण झेलणारी बाई ट्रेंड होती, हे आपण फोटोला हार घालताना विसरतो. आणि त्या ट्रेनिंगमधून निघालं काय? फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे. मांगाची पोर. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. ज्यांना वेद बघायचाही अधिकार नाही, त्यांचा धर्म कुठला, असं तिने सरळ विचारलं. मराठी पद्धतीच्या तासाला निबंध कसा शिकवतात ते बहिणीच्या मैत्रिणीची वही उघडून बघा. मुद्दे द्या, सुभाषिताने सुरुवात, विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. आपल्या झोपडीत पावसाळ्यातला एक दिवस कसा असतो तो कुणी लिहिला तर शेरा काय येईल ते मला विचारू नका. मुक्ताला सुभाषित कुणी दिलं नव्हतं. तिचं दुःख हेच पूर्वज्ञान आहे असं मानणारा वर्ग मिळाला होता.

जोतिबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केलं. त्यातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण सगळ्यांना पाठ आहे. पण मास्तराविषयी काय म्हणाले ते वाचा. मास्तर कष्टकरी शेतकऱ्यांच्या जातीतला ट्रेनिंग घेतलेला हवा, लोकांत मिसळणारा, नांगराची मूठ किंवा सुताराचं वाकस धरायची लाज न वाटणारा. पगार चांगला हवा, पास झालेल्याला बारा रुपयांच्या खाली नको. आणि त्याच्या ट्रेनिंगमध्ये नेहमीच्या विषयांबरोबर शेतीचं आणि आरोग्य-स्वच्छतेचं ज्ञान हवं. स्वच्छतेचं! म्हंजे गटार कुठून येतं नि कुठे जातं, हे मास्तराच्या ट्रेनिंगमध्ये असावं असं जोतिबा १८८२ साली मागतात, आणि माझ्या बहिणीला आज शेरा मिळतो, विषयाला सोडून.

त्या ट्रेनिंगचं दुकान कुणी केलं ते वेगळं सांगत बसत नाही. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा झगडा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, न्यायमूर्ती वर्मांचा आयोग बसला, २०१२ ला अहवाल आला आणि त्यातली बहुतेक कॉलेजं लायकीची नाहीत असं निघालं. मग दुकान नीट करायचं म्हणून २०१५ पासून बी.एड. एक वर्षाचं दोन वर्षांचं झालं. गरिबाच्या पोराची फी दुप्पट झाली, टाचणवह्या दुप्पट झाल्या. टाचणातला रकाना तोच राहिला.

बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात हिशेब मांडला होता : शाळेत जाणाऱ्या शंभर पोरांतली चौथीपर्यंत पोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर. मी त्या ब्याऐंशींच्या खानदानातला. चौथीच्या जागी आठवी झाली एवढंच. मला शाळेतून कुणी हाकललं नाही, कुणी दूर बसवलं नाही. माझा गणिताचा मास्तर चांगला माणूस होता, फळ्यावर सुंदर लिहायचा. त्याला मी दिसलो नाही, बस. 'शिका' म्हणाले बाबासाहेब. कुणाकडून, हा सवाल त्यांनी आपल्यावर सोडला आहे.

सराव संपल्यावर बहीण त्या पोराच्या घरी गेली. माफी मागायला. पोर बाहेर पळालं. काका भेटले. तिने वायूचं विचारलं तर म्हणाले, "ताई, झाकण उघडून नुसतं ठेवून भागत नाही. गाळ ढवळला की एकदम सुटतो तो. आम्ही आधी वरून बांबूने ढवळतो, मग थांबतो. ठेकेदार थांबू देत नाही." तिने ते तिथेच टाचणवहीत लिहून घेतलं, पूर्वज्ञानाच्या रकान्यात, त्यांच्याच शब्दांत. लाल शेऱ्याच्या समोरच्या पानावर.

आता दर रविवारी सकाळी नऊला आमच्या वस्तीतल्या विहारात वर्ग भरतो. सव्वीस पोरं आहेत. विज्ञान ती घेते, गणित मी घेतो, सुतावरून. मला पाठ घेता येत नाही, पहिल्या दिवशी घाम फुटला होता. ती मागे बसून माझ्या चुका लिहिते आणि घरी गेल्यावर वाचून दाखवते. त्या काकांना तिने पुढच्या महिन्यात बोलावलंय. येतो म्हणालेत, पुतण्याला घेऊन. पोर यायला तयार होतं की नाही ते अजून ठाऊक नाही.

तुमच्यात जे बी.एड., डी.एड. करताहेत त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. कॉलेजला द्यायचं ते टाचण कॉलेजला द्या, गुण घ्या. पण त्याच पाठाचं दुसरं टाचण करा, आपल्या वस्तीतलं पोर समोर धरून, आणि ते इथे पाठवा. भूगोलाचं चालेल, मराठीचं चालेल. पाठ फसला असेल तर कसा फसला तेही लिहा. पुढच्या अंकापासून दोन-दोन टाचणं छापायचं संपादकांनी कबूल केलंय. पहिलं गटाराच्या वायूचं असेल.